कव्हर गेलेल्या पुस्तकाची शिफारस

हेडाऊ, धकाते बाई,
आणि निखारे तुम्ही,
शेवटचं पान आधी वाचून मग सुरुवात करणारे,
ऐका.
महालातल्या रद्दीवाल्याच्या तराजूत होतं हे पुस्तक.
कव्हर नाही, लेखक नाही, पाठीला जुन्या खळीचा वास.
अकरा रुपयांत सात खून.
महाग नाही पडले.

गोष्टी रामटेकच्या डोंगराखालच्या, यादवांच्या काळातल्या.
तपास करते पोमाइसा,
देवळात घटका मोजणारी.
घंगाळात पाणी, पाण्यावर तांब्याची वाटी,
वाटीला सुईएवढं भोक.
वाटी बुडाली की एक टोला.
दिवस-रात्रीत साठदा बुडणारी वाटी बघत राहायचं,
एवढंच काम.
अशा बाईला माणसं कळणारच.

छत्तीस वर्षं मी लोकांचे अंगठे पाहिले,
शंख, चक्र, भिंगाखाली,
सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत,
कूलरचे शिंतोडे फायलींवर उडत असताना.
म्हणून सांगते, या गोष्टींत मला सुट्टी मिळाली.
ठसा नाही, फोटो नाही, रक्ताचा अहवाल नाही.
आहे काय, तर लंगडणारा बैल,
मिठाच्या गोणीची एकच ओली बाजू,
आणि ताम्रपटात लिहिलेलं एक गाव
जे दान दिलं तेव्हा वसलंच नव्हतं.

दुसरी आधी वाचा.
त्या रात्री गाव म्हणतं, कोंबडा लवकर आरवला.
पोमाइसा म्हणते, कोंबडा बरोबर आहे,
वाटी खोटी आहे.
आणि भोकातलं मेण नखानं काढून दाखवते.
मी पुस्तक मिटून
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बराच वेळ.

चौथी सोडून द्या. जुळे भाऊ आहेत तिच्यात.
सहावीत सासू मिरचीचा ठेचा वाटते.
हेडाऊ, तर्रीचा रस्सा ओतून घेता घेता तुम्ही ओरडणार,
"अवो, तेव्हा मिरची कुठची आली?"
हाव, नव्हती. मिरे होते.
पण लेखक इकडचाच असेल बिचारा,
मिरचीबिगर स्वयंपाक त्याला सुचलाच नसेल.

आता निखारे, तुमच्या कामाचं.
प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात,
पेन्सिलीनं एकेक नाव आहे.
पहिलीवर "कासार". कासारच निघाला.
दुसरीवर "पुजाऱ्याचा मेहुणा". तोच.
असा संताप आला!
खोडरबर घेऊनच बसले पुढे.
पाचवीवर "सोनार".
आणि पाचवीत सोनार नाही.
सोनार तर शेवटी ओसरीवर बसून रडतो.

रबर हातातच राहिलं.
शेवट वाचून कोणी लिहिलं असतं
तर हे चुकलं नसतं.
अंदाज होते ते, पहिल्याच पानावर लावलेले.
सहा बरोबर, एक चूक,
आणि चूक कळल्यावरही ती खोडलेली नाही.

कोण असेल?
'र'ची शेपटी लांब, शाळामास्तरासारखी.
कागदावर त्याचा अंगठाही असेल कुठेतरी.
भिंग कपाटात आहे.
काढलं नाही.

शनिवारी फुटाळ्यावर आणते.
पहिली, दुसरी, पाचवी मीच फोडली बोलण्याच्या भरात,
चार उरल्या, जुळे धरून.
त्या नावांवर कागदाच्या पट्ट्या लावल्यात.
निखारे, तुमची पाळी शेवटी,
आणि शेवटची पानं दोऱ्यानं बांधलेली असतील.
पहिलं पान झालं की थांबायचं,
पट्टीखाली आपलं नाव लिहायचं, मगच पुढे.
पेन्सिलीनंच, बरं का.

सातवी मी तशीच वाचली,
कोपऱ्यातलं ते नाव अंगठ्यानं झाकून.
खाली माझा अंदाज आहे.
साफ चुकलाय.
राहू दिलाय.